पाहणीसाठी थांबलेलं पाणी

सावरटोल्याचा पूर ओसरायला लागला तेव्हा मी त्याला थांबायला सांगितलं, आणि तो थांबला.

मी त्या तालुक्याची तहसीलदार होते. पाणी गावात डोक्याच्या वर चढलं होतं आणि आता भिंतींवर ओलीचा पट्टा सोडत खाली येत होतं. लोक छपरांवर बसून तो पट्टा रुंद होताना बघत होते. तेवढ्यात मंत्रालयातून उपसचिव रायरीकरांचा फोन आला.

"पाणी कुठवर आहे?"

"उतरतंय, सर. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा होईल."

"उतरू देऊ नका."

मला नीट ऐकू आलं नसावं म्हणून मी पुन्हा विचारलं. रायरीकर शांतपणे बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "गेल्या खेपेला दिल्लीचं पाहणी पथक आलं तेव्हा शेतं वाळली होती. बांधावर गवत उगवलं होतं. त्यांनी गवताचे फोटो काढले आणि आम्हाला विचारलं, पूर कुठे आहे? वर म्हणाले, तुमच्याकडे आधीचा निधी पडून आहे, तो वापरा. तो केव्हाच संपलाय हे आम्ही ओरडून सांगतो, ते ऐकत नाहीत. या वेळी त्यांना पूरच दाखवायचा. पथक येईपर्यंत पाणी राहिलं पाहिजे."

"पथक कधी येणार, सर?"

"ते दिल्लीला ठाऊक."

मी उतारावरून पाण्याच्या कडेशी गेले. पाण्याला अरेतुरे करावं की अहोजाहो, ते मला कळेना. शेवटी म्हणाले, "थांबा. पुढचा आदेश येईपर्यंत आहात तिथेच थांबा."

पाणी थांबलं. एक प्लास्टिकची खुर्ची नदीकडे वाहत निघाली होती, ती जागच्या जागी उभी राहिली. नदी आपल्या पात्रात परत गेली आणि गावातलं पाणी गावातच राहिलं. शिवेवर त्याची कड सरळ उभी होती, सुरीनं कापलेल्या वडीसारखी. माझं एवढं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं माझ्या चेहऱ्यावर आलं असावं, कारण सरपंचबाई माझ्याकडे बघत होत्या.

सायत्रा पटले त्यांचं नाव. माझ्याच वयाच्या असतील. पाण्यातून चालत त्या कडेपर्यंत आल्या आणि मान तेवढी बाहेर काढून म्हणाल्या, "मॅडमजी, पाणी काहून थांबलं?"

मी सांगितलं. दिल्ली आणि मुंबई यांच्यातलं भांडण मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"मंग आमी बाहेर येऊन रायतो. पाणी पाह्यतील ते."

"नुसतं पाणी चालत नाही. बाधित लोकही गावात हवेत. बाहेर निघालेला माणूस बाधित धरत नाहीत."

"दिल्लीवाले असं म्हणते का?"

"नाही. हे आमचं."

सायत्राबाईंनी मान हलवली आणि ती परत आत घेतली.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी पाण्यात पाय ठेवला की पाणी मागे सरत होतं. माझ्याभोवती एका खोलीएवढी जमीन कोरडी व्हायची. मी चालेन तशी ती कोरडी खोली माझ्याबरोबर चालायची आणि मागे पाणी पुन्हा मिटायचं. मी वाकून ओंजळ भरायचा प्रयत्न केला. पाणी अदबीनं लांब झालं. माझ्या साडीची किनारसुद्धा भिजली नाही.

गावकऱ्यांना याचं नवल वाटलं नाही. सरकार ओलं होत नाही, हे त्यांना आधीपासून माहीत असावं. त्यांनी फक्त त्याचा उपयोग करून घेतला. मी येताना दिसले की बायका काडेपेट्या डोक्यावर धरून माझ्याकडे यायच्या. कोणी बाळाला दुपट्यात गुंडाळून माझ्या पायाशी निजवायची, कोणी तांदूळ पसरायची. सायत्राबाई तीन विटा मांडून चूल पेटवायच्या.

"जरासं थांबा ना जी. भात शिजू द्या."

मी थांबायचे. पण तालुक्यात दुसरीही गावं होती, बैठका होत्या, पथकाच्या दौऱ्याची तयारी होती. भाताला उकळी फुटायची आणि माझा फोन वाजायचा. मी निघाले की पाणी चुलीवर यायचं. सायत्राबाई पातेलं उचलून डोक्यावर घ्यायच्या आणि अर्धा कच्चा भात वाटायला निघायच्या. मी मागे वळून बघत नसे. तो 'चर्र' आवाज मात्र ऐकू यायचा.

पथक येत नव्हतं. रायरीकर फोनवर सांगायचे, दिल्ली म्हणते राज्यानं आधी आपला वाटा टाकावा, मग आम्ही बघू. राज्य म्हणतं आधी दिल्लीनं बघावं, मग आम्ही वाटा टाकू. "आपण वाटा टाकला की त्यांना वाटेल आपल्याकडे आहे," रायरीकर म्हणाले. "आणि नाही टाकला की त्यांना वाटेल आपल्याला गरज नाही. म्हणून आपण टाकतो आहोत असं कळवलंय."

"टाकतो आहोत का, सर?"

"कळवलंय."

मधल्या काळात सावरटोल्याची माणसं बदलत गेली. त्यांचं बोलणं मंद झालं, शब्दाशब्दांत अंतर पडायला लागलं. ती हलकी झाली. लहान पोरांना आया लुगड्याच्या पदरानं खांबाला बांधून ठेवायच्या, नाहीतर ती वर जायची. सायत्राबाईंचे सासरे दसाराम पटले सगळ्यांत म्हातारे. त्यांची बोटं आधी पांढरी झाली, मग पारदर्शक. मी गेले की ते माझ्या कोरड्या खोलीत येऊन हात उन्हात धरायचे. बोटांतून पलीकडचं झाड दिसायचं.

"मॅडमजी," त्यांनी मला एकदा विचारलं, "दिल्लीचा मानूस मोठा का मुंबईचा?"

"दिल्लीचा, बाबा."

"मंग त्याच्यापुढं मोठी जागा सुकल."

"हो."

"त्याले लवकर बलवा जी. मले पाय पसरून झोपाचं आहे."

दिल्लीला मी बोलावू शकत नव्हते. मी रायरीकरांना बोलावू शकत होते, पण त्यांना हे सांगायची मला लाज वाटली. एक म्हातारा माणूस पाय पसरून झोपू इच्छितो, हे कुठल्या शब्दांत सांगतात, ते मला येत नव्हतं.

दसाराम गेले ते पथक येण्याच्या दिवशी पहाटे.

मी आधी फोन केला. रायरीकर विमानतळावर पथकाची वाट बघत होते. ते म्हणाले, "हा मृत्यू पुरातला की पुरानंतरचा?"

"पूर अजून आहे, सर."

"पाऊस थांबून काळ लोटलाय. पुरानंतरचा म्हटलं तर तो आपल्या माथी. पुरातला म्हटलं तर पूर चालू आहे हे त्यांनी मान्य करायला हवं. तूर्त काही म्हणू नका."

"आणि अंत्यविधी?"

"तो करू द्या ना. त्याला कोण अडवतंय?"

त्याला पाणी अडवत होतं. सायत्राबाई शिवेवर उभ्या होत्या. त्यांचा नवरा तेजलाल मागे होता. त्यानं बापाला दोन्ही हातांवर घेतलं होतं. म्हातारा इतका हलका झाला होता की तेजलालला त्याला खाली दाबून धरावं लागत होतं.

"लाकडं छपरावर सुकत टाकली होती," सायत्राबाई म्हणाल्या. "सरण रचतो. तुमी उभ्या राहा जी."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी संकोचते आहे.

"आमच्यात बाया मसनात जात नाई. पण तुमी तर सरकार आहा. सरकार बाई नसते."

आम्ही नदीकडच्या मैदानात गेलो. मी मधोमध उभी राहिले. पाणी मागे सरलं, जमीन सुकली, सरण रचलं गेलं. गाव त्या गोल कडेला लागून पाण्यात उभं राहिलं, छातीपर्यंत, माना आत वाकवून. तेजलालनं अग्नी दिला. लाकडं सर्दावलेली होती, पण पेटली. धग माझ्या तोंडावर येत होती. मी मागे सरू शकत नव्हते, कारण मी मागे सरले असते तर पलीकडून पाणी आलं असतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. त्या दिवशी तेवढीच ओल मला लागली, आणि ती माझी स्वतःची होती.

सरण अर्ध्यावर आलं असेल तेव्हा फोन वाजला.

"पथक पुलावर आलंय," रायरीकर म्हणाले. "तुम्ही कुठे आहात?"

"सर, मला थोडा वेळ द्या."

"त्यांच्याकडे थोडा वेळच आहे. नंतर त्यांना आणखी एका राज्यात जायचंय. लगेच या."

मी फोन साडीला नसलेल्या खिशात ठेवायला गेले, मग पिशवीत टाकला. ती चूक मला आठवते, कारण सगळं गाव माझ्या हाताकडे बघत होतं. सायत्राबाई म्हणाल्या, "जरासं थांबा ना जी." भाताच्या वेळी जसं म्हणायच्या तसंच, त्याच आवाजात. तेजलालनं बापाच्या पायांकडे पाहिलं. पाय अजून पेटले नव्हते.

"पथक आलंय," मी म्हणाले. "त्यांनी बघितलं की सगळंच सुटेल. तुमच्यासाठीच जातेय."

आणि मी चालायला लागले. चालताना मी सावकाश चालत होते, जेणेकरून पाणी सावकाश यावं. पण पाणी सावकाश येत नाही. मागे मोठा 'चर्र' आवाज झाला. त्याचा वास गावभर पसरला. मी पुलाकडे पोचले तेव्हा तो वास माझ्या केसांत होता.

पथकाचे प्रमुख सहसचिव त्रेहान उंच, सौम्य, थकलेले गृहस्थ होते. ते हिंदीत बोलत आणि प्रत्येकाला हात जोडत. ते पाण्यात उतरले आणि पाणी त्यांच्यासमोर इतकं मागे गेलं की अख्ख्या अंगणाएवढी जागा कोरडी पडली. एवढी कोरडी जमीन सावरटोल्यानं खूप दिवसांत पाहिली नव्हती. काही पोरं त्या अंगणात धावत आली आणि जमिनीवर आडवी झाली. पथकातल्या एकानं त्यांना प्रेमानं उठवून परत पाण्यात पाठवलं. फोटोत ती पाण्यात दिसायला हवी होती.

मी समोरून गेले. रायरीकर माझ्या मागे उभे राहिले. त्रेहान आपल्या अंगणातून पुढे आले, मी माझ्या खोलीतून पुढे गेले, आणि दोन कोरड्या जागांच्या मध्ये पाणी अडकलं. त्याला जायला वाट राहिली नाही. ते वर चढलं. आमच्या दोघांच्या मध्ये पाण्याची एक उभी भिंत तयार झाली, माणसापेक्षा उंच, दाराच्या चौकटीएवढी जाड. सायत्राबाई निवेदन द्यायला पुढे आल्या होत्या. त्या भिंतीत सापडल्या.

त्या आत उभ्या होत्या. डोळे उघडे होते. त्यांनी बोलायला सुरुवात केली. तोंडातून बुडबुडे निघाले आणि वर जाऊन फुटले. फुटताना प्रत्येकातून एकेक शब्द ऐकू येत होता. धान. बैल. मामंजी. अर्धं. जळलं.

"काय म्हणतायत?" त्रेहाननी विचारलं.

"नुकसान सांगतायत," मी म्हणाले.

"सर, आपण एक पाऊल मागे घेतलंत तर..." त्यांचा सहायक म्हणाला.

"मी पाहणीला आलोय," त्रेहान सौम्यपणे म्हणाले. "मी मागे गेलो तर उद्या म्हणतील केंद्र मागे हटलं. राज्यानं घ्यावं पाऊल."

रायरीकर माझ्या कानाशी म्हणाले, "हलू नका. आपण आधी हललो की आपली बाजू गेली."

मी हलले नाही. माझ्या पायाला कोणी धरलं नव्हतं. एक पाऊल पुरलं असतं. बुडबुडे लहान होत गेले. पाण्यातून त्रेहानांचा चेहरा रुंद आणि उदास दिसत होता. त्यांनाही माझा तसाच दिसत असणार. आम्ही दोघं एकमेकांकडे सायत्राबाईंमधून बघत होतो.

मग त्रेहाननी घड्याळ पाहिलं आणि ते आपणहून वळले, जायची वेळ झाली म्हणून. भिंत कोसळली. सायत्राबाई गुडघ्यांवर पडल्या. त्यांनी पाणी ओकलं, पदर सावरला आणि मला विचारलं, "झालं का जी?"

"झालं," मी म्हणाले.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

जाण्याआधी त्रेहाननी पुलावर निर्णय सांगितला. ते खरोखर हळहळत होते. "लोकांचे हाल मी पाहिले. पण पूर वाहतो. हे पाणी वाहत नाही. उभं आहे. नियमाप्रमाणे इतका काळ उभ्या राहिलेल्या पाण्याला पूर म्हणता येत नाही. हा तलाव आहे. तलाव हा राज्याचा विषय." त्यांनी हात जोडले. "मला वाईट वाटतं. वाहतं असताना बोलावलं असतंत तर."

त्यांची गाडी गेल्यावर मी रायरीकरांना न विचारता कडेशी गेले आणि पाण्याला म्हणाले, "आदेश संपला. जा आता."

पाणी हललं नाही. मी पुन्हा सांगितलं. विनवलं. शेवटी अरेतुरे केलं. तलावाला कुठे जायचं नसतं. मी त्यात पाय घातला आणि माझा पाय घोट्यापर्यंत भिजला. आता ते मला ओळखत नव्हतं.

"शांत व्हा," मागून रायरीकर म्हणाले. ते विचार करत होते. "तलाव म्हणजे मालमत्ता. नुकसान नाही, भर पडली. यातून राज्याला काही उभं करता येईल."

मंत्रालयातून लवकरच कळवण्यात आलं की सावरटोला हा तलाव आहे आणि तलावात गाव असू शकत नाही. पाण्यालाही ते कळलं असावं. कौलं आधी बुडाली, मग देवळाचा झेंडा, मग विजेचे खांब. वर एकसारखी सपाट पातळी आली, तलावाला शोभेल अशी. काठावरून नीट पाहिलं तर खाली गल्ल्या दिसायच्या. माणसं हळूहळू चालायची. एकदा मी सायत्राबाईंना छपरावर लुगडं वाळत घालताना पाहिलं. लुगडं वर वर जात होतं आणि त्या ते चारी टोकांना दगड ठेवून दाबत होत्या. मी हात हलवला. त्यांनी वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून पाहावं तसं. मग खाली उतरून गेल्या.

मी बदली मागितली. मिळाली नाही. त्याऐवजी मला तलावाचा मासेमारीचा ठेका द्यायचं काम मिळालं.

ठेका शेंडे नावाच्या माणसानं घेतला. भला माणूस होता. त्यानं काठावर मांडव घातला, सतरंज्या अंथरल्या, रायरीकरांना फेटा बांधला. पहिलं जाळं टाकायचा मुहूर्त दुपारचा होता. मी शेंडेला बाजूला घेऊन म्हणाले, "खाली माणसं आहेत."

"कोणत्या खात्यात, मॅडम?" त्यानं आदरानं विचारलं.

जाळं नवं होतं, पांढरंशुभ्र. कोळ्यांनी ते फिरवून टाकलं. ते हवेत गोल उघडलं आणि सावरटोल्यावर पडलं. शिशाचे गोळे एकेक करून खाली गेले. रायरीकरांनी नारळ फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पहिलं ओढणं मॅडमच्या हातानं," शेंडे म्हणाला आणि त्यानं दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

मी ओढलं. दोर थोडा आला आणि अडला.

"जड लागतंय ना?" शेंडेचा चेहरा फुलला. "मोठं आहे काहीतरी. ओढा, मॅडम. आम्ही आहोत मागे."

रायरीकरांनी माझ्या मागे दोर धरला. त्यांच्या मागे शेंडेनं, त्याच्या मागे कोळ्यांनी. फोटोवाला पुढे आला आणि आम्हाला इकडे बघायला सांगू लागला. मी पाण्याकडे बघत होते. पाण्यात काही दिसत नव्हतं.

मग पलीकडून दोर ओढला गेला. जोरात नाही. कुणीतरी दार वाजवून उत्तराची वाट बघावी तसा. एकदा. थांबून पुन्हा एकदा. नंतर खालून सगळ्यांनी मिळून धरल्यासारखा दोर ताठ झाला, आणि मांडवातली सतरंजी माझ्या पायांखालून पाण्याकडे सरकू लागली.